बैठकीचे भाडे

दारू विकण्याची जागा आणि दारू पिण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉफीचेही तसेच. पेय घरी नेऊन पिता येते, आणि माणसांनी बहुतेक काळ ते घरीच प्यायले. तरीही जिथे शहर वसले तिथे परक्या छपराखाली, परक्या माणसांच्या शेजारी बसून, पैसे मोजून पिण्याची सोय झालीच. या सोयीचा इतिहास सहसा पेयांच्या क्रमाने लिहितात: आधी बिअर आणि द्राक्षमद्य, मग कॉफी, मग चहा. प्रत्यक्षात तो बसण्याच्या जागेचा इतिहास आहे. गिऱ्हाईक किंमत देते ती कपाची, घेते मात्र तासाभराची बैठक. पेय हे त्या बैठकीचे भाडे. हा व्यवहार ध्यानात घेतला की राजे-सुलतान या जागांना का बिचकत आले आणि कोणी कोणाशेजारी बसायचे यावरून एवढी रणे का माजली, याचा उलगडा होऊ लागतो.

बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याने इ. स. पूर्व अठराव्या शतकात दगडावर कोरवून घेतलेल्या कायद्यात मद्यगृह चालवणाऱ्या बाईसाठी स्वतंत्र कलमे आहेत. कलमांत विक्रेती स्त्रीलिंगी आहे, यावरून हा धंदा बायकांच्या हाती होता हे कळते. बिअरच्या बदल्यात धान्य न घेता जड वजनाने चांदी उकळणाऱ्या बाईला पाण्यात फेकावे, असे एक कलम सांगते. हे ग्राहकाच्या हिताचे झाले. त्याच्या पुढचे कलम वेगळ्या काळजीतून आलेले आहे. तिच्या घरात कट करणारे जमले आणि तिने त्यांना धरून राजवाड्यात हजर केले नाही, तर तिला देहदंड. पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या राजाला बिअरची भीती वाटत नव्हती; ती पीत बसलेल्या माणसांच्या बोलण्याची वाटत होती.

कौटिल्याने हीच भीती कामाला लावली. अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक सबंध प्रकरण आहे. पानागारात अनेक खोल्या असाव्यात, वेगवेगळी आसने व शय्या असाव्यात, गंध, माळा आणि पाणी ठेवून जागा सर्व ऋतूंत सुखाची करावी, असे तो सांगतो. एवढा पाहुणचार कशासाठी, ते लगेच पुढे येते. कोण नेहमीपेक्षा जास्त खर्च करतो, परगावचा कोण आला आहे, याची नोंद तिथे हेरांनी ठेवायची. झिंगलेल्या गिऱ्हाइकाचे दागिने गेले तर भरपाई दुकानदाराने करायची आणि वर दंडही भरायचा. पानागार हे राज्याच्या महसुलाचे ठिकाण होते आणि राज्याचा कानही होता. मद्यगृह बंद करण्यापेक्षा उघडे ठेवून ऐकत बसणे फायद्याचे, हा हिशेब नंतरच्या अनेक राज्यकर्त्यांना सुचला नाही.

रोमन जगातले पुरावे दगडात टिकले आहेत. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात रस्त्याला लागून असे दगडी ओटे सापडतात, की ज्यांत मोठाले रांजण बसवलेले आहेत. उच्चभ्रू रोमन घरी मेजवान्या देई; ज्याच्या घरी चूलही धड नव्हती तो या ओट्यांवर जाई. म्हणून या जागा बदनाम होत्या. सम्राट नीरोने तिथे डाळी-भाज्यांखेरीज काही शिजवून विकू नये, असा हुकूम काढल्याचे एक रोमन चरित्रकार सांगतो. त्याचा परिणाम फारसा झालेला दिसत नाही.

इंग्लंडमध्ये मध्ययुगात बिअर गाळणारी बाई दारावर काठी उभी करी. घरात पेय तयार आहे अशी ती खूण. पुढे त्या घरातली पुढची खोलीच गावाची बैठक झाली. १५५२ च्या कायद्याने अशा घरांना स्थानिक दंडाधिकाऱ्यांचा परवाना लागू लागला, आणि परवान्याची ही कल्पना ब्रिटिश राज्याबरोबर जगभर गेली. ‘बार’ हा शब्द मुळात आडव्या अडसराचा. मालकाची पिंपे आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये तो असे. गिऱ्हाईक खोलीत बसे आणि पेय त्याच्यापर्यंत नेले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जिनची चकचकीत दुकाने निघाली तेव्हा हा अडसर लांबलचक काउंटर झाला, आणि उभ्या उभ्या घोट घेऊन निघून जाणारे गिऱ्हाईक मालकाला अधिक किफायतशीर ठरले. बैठक गेली, भाडे तेवढे राहिले. मराठीत ‘गुत्ता’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येते ते याच घडणीचे आहे. आज बार या शब्दाने ज्या जागा ओळखल्या जातात त्यांचे नाव अशा रीतीने गप्पांच्या खोलीवरून न पडता गप्पा तोडणाऱ्या लाकडावरून पडले आहे.

कॉफीची वाट निराळी. झाड इथिओपियाचे, पेय म्हणून ती रुजली पंधराव्या शतकात येमेनमध्ये, रात्रभर नामस्मरण करणाऱ्या सूफींच्या मंडळांत. झोप उडवणारे हे पेय तिथून मक्केला पोहोचले. १५११ मध्ये मक्केतला मामलुक अधिकारी खैर बेग याने मशिदीच्या परिसरात रात्री जमून कॉफी पिणारे लोक पाहिले, धर्मशास्त्री व वैद्य बोलावले आणि कॉफी निषिद्ध ठरवून घेतली. निर्णय मामलुकांच्या राजधानीत, कैरोला गेला. तिथून आलेले उत्तर या साऱ्या विषयाची किल्लीच आहे. पेयावरची बंदी कैरोने उचलून धरली नाही. जमून पिण्याच्या मैफलींना मात्र आक्षेप कायम ठेवला. कॉफीच्या बियांत दोष नाही, घोळक्यात आहे, असा त्याचा अर्थ.

घोळका का जमला, याचे कारण मुसलमानी शहराच्या रचनेत सापडते. सभ्य माणसाला संध्याकाळी घराबाहेर जायला मशीद आणि हमाम यांखेरीज ठिकाण नव्हते. मद्यगृहे होती, पण तिथे जाणे अब्रूला शोभत नसे. कॉफीने ही पोकळी भरली. इस्तंबूलमध्ये १५५५ च्या सुमारास आलेप्पोचा हकम आणि दमास्कसचा शम्स या दोघांनी पहिली कॉफीची दुकाने काढल्याचे तुर्की बखरकार पेचेवी सांगतो. तिथे कोणी पुस्तक वाची, कोणी बुद्धिबळ खेळे, कवी नव्या रचना ऐकवीत. ज्याचे घर पाहुणे बोलवायला लहान पडे त्याला चार नाण्यांत यजमान होता येऊ लागले. १६३३ मध्ये सुलतान चौथा मुराद याने शहरातली कॉफीगृहे बंद पाडली. तंबाखूवरही बंदी आणली आणि ती मोडणाऱ्यांना देहान्त शासन दिले. त्याच्या मृत्यूनंतर कॉफीगृहे हळूहळू पुन्हा उघडली.

लंडनमधले पहिले कॉफीहाउस १६५२ मध्ये कॉर्नहिल भागातल्या एका बोळात निघाले. चालवणारा पास्क्वा रोझे हा एका व्यापाऱ्याबरोबर पूर्वेकडून आलेला नोकर होता. पुढच्या पन्नास वर्षांत लंडनमध्ये जे घडले ते मात्र इस्तंबूलमध्ये घडले नव्हते. एक पेनी टाकली की आत जाता येई. त्यात कॉफी, विस्तव, वर्तमानपत्रे आणि इतरांचे बोलणे एवढे सगळे आले. लांब टेबलांभोवती जो जसा येईल तसा बसे. १६७४ च्या एका छापील पत्रकात तर मोठ्या माणसासाठी कोणी उठून जागा देऊ नये, असा नियमच विनोदाने घातलेला आहे. १६५९ मध्ये माइल्सच्या कॉफीहाउसात जेम्स हॅरिंग्टनचा रोटा क्लब भरे. तिथे राज्यपद्धतीवर वाद होत आणि वादाअखेर मतपेटी फिरे. देशात निवडणुकीला गुप्त मतदान यायला आणखी दोनशेहून अधिक वर्षे जायची होती.

माहिती हा या जागांचा खरा माल. एडवर्ड लॉइडच्या दुकानात जहाजांचे कप्तान आणि विमा उतरवणारे बसत, म्हणून जहाजांच्या बातम्या तिथे आधी पोहोचत. जगातली विख्यात विमापेठ त्या टेबलांवरून उठली. जोनाथनच्या कॉफीहाउसात रोख्यांची खरेदीविक्री चाले, आणि १६९८ पासून जॉन कास्टेंग तिथून भावांचे पत्रक काढू लागला. विल्सकडे ड्रायडनभोवती साहित्यिक, ग्रीशियनमध्ये रॉयल सोसायटीचे विद्वान. मात्र या चित्रावर फार भाळण्याचे कारण नाही. पळून गेलेल्या गुलामाला आणून द्यावे, बक्षीस मिळेल, अशा त्या काळच्या जाहिरातींत आणून देण्याचा पत्ता म्हणून याच कॉफीहाउसांची नावे येतात. लॉइडच्या टेबलावर उतरवलेल्या विम्यांत गुलामवाहू जहाजेही होती. बायका तिथे काम करीत, काही मालकिणीही होत्या, पण गिऱ्हाईक म्हणून टेबलाशी बसून वाद घालणारी बाई तिथे जवळपास नव्हतीच. १६७४ मध्येच कॉफीविरुद्ध बायकांचा अर्ज म्हणून एक पत्रक निघाले. ते लिहिणारा बहुधा टवाळ पुरुषच असावा, तरी नवरा घरी नसतो ही त्यातली तक्रार खोटी नव्हती.

दुसऱ्या चार्ल्सने २९ डिसेंबर १६७५ रोजी फर्मान काढले, की राजाविरुद्ध खोट्यानाट्या बातम्या पसरवणारी ही कॉफीहाउसे १० जानेवारीपासून बंद करावीत. ओरड इतकी झाली की ८ जानेवारी १६७६ रोजी, म्हणजे अंमल सुरू होण्याच्या दोन दिवस आधी, ते मागे घेण्यात आले. दहा-अकरा दिवसांत राजाला माघार घ्यावी लागली, कारण विरोध करणाऱ्यांत व्यापारीही होते. सत्तेला प्रश्न विचारणारी बैठक टिकते ती बैठकीत पैशाचे व्यवहार गुंतलेले असतील तर, हे या प्रसंगातून दिसते. मुरादच्या इस्तंबूलमध्ये कवींच्या पाठीशी असे कोणी उभे नव्हते.

यावरून एक लोकप्रिय कथा रचली गेली आहे. युरोप सकाळपासून बिअर पिऊन सुस्त होता. कॉफीने त्याला शुद्धीवर आणले आणि मग विज्ञान, वर्तमानपत्रे, लोकशाही असे सगळे ओळीने आले. जर्मन विचारवंत युर्गेन हाबरमास यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात कॉफीहाउसांना आधुनिक लोकमताच्या घडणीत मोठे स्थान दिले, आणि त्यांच्या काटेकोर मांडणीचे पुढे असे सुटसुटीत सूत्र झाले. सूत्र म्हणून ते आकर्षक आहे. इतिहास म्हणून लंगडे आहे. लंडनच्या अनेक कॉफीहाउसांत मद्यही मिळे. बोस्टनमध्ये ब्रिटिशांविरुद्धचे बेत शिजले ते ग्रीन ड्रॅगन नावाच्या मद्यगृहात, आणि १७७३ मध्ये चहाच्या पेट्या समुद्रात फेकणाऱ्यांची डोकी कॉफीने ताळ्यावर आलेली होती असे मानायला आधार नाही. पॅरिसमध्ये १२ जुलै १७८९ रोजी कामिय देमुलाँ टेबलावर चढला आणि त्याने लोकांना शस्त्रे उचलायला सांगितले, तो कॅफे द फ्वाच्या बाहेर. दोन दिवसांनी बास्तीय पडला. इथवर कथा जुळते. पण ८ नोव्हेंबर १९२३ रोजी हिटलरने बंडाची घोषणा केली ती म्युनिकच्या एका बिअर हॉलमध्ये, भरल्या सभेत. टेबलाभोवती अनोळखी माणसे जमली की काहीतरी घडते एवढेच या जागांबद्दल ठामपणे म्हणता येते. जे घडते ते चांगलेच असेल याची हमी ना बिअर देते, ना कॉफी.

कॉफीहाउसांचा ऱ्हास कसा झाला हे त्यांच्या उदयापेक्षा अधिक बोलके आहे. चहा स्वस्त झाला आणि घराघरांत शिरला, हे एक कारण. दुसरे कारण आतून आले. ज्या टेबलांवर पैसा मिळू लागला त्यांना आता कोणीही येऊन बसणे नको झाले. जोनाथनमधल्या रोखे दलालांनी १७६१ मध्ये वर्गणी भरून ती जागा फक्त आपल्यासाठी घेण्याचा प्रयत्न केला. बाहेर ठेवल्या गेलेल्या एकाने न्यायालयात जाऊन तो हाणून पाडला, तेव्हा १७७३ मध्ये दलालांनी स्वतःची वेगळी इमारत घेतली आणि तिला स्टॉक एक्स्चेंज हे नाव दिले. १६९३ मध्ये चॉकलेटचे दुकान म्हणून निघालेले व्हाइट्स उमरावांचा बंदिस्त क्लब होऊन बसले. पेनी टाकून आत जाण्याचे दार बंद झाले, सभासदत्वाचे उघडले. ब्रिटिशांनी हिंदुस्थानात आणली ती ही दुसरी आवृत्ती. मुंबईचा भायखळा क्लब गोऱ्या साहेबांचा होता. हिंदी माणूस तिथे ट्रे घेऊनच आत जाऊ शके.

अर्थात एकत्र बसण्याची बंदी इथे साहेबाने आणलेली नव्हती. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका समारंभानंतर चहा-बिस्किटे देण्यात आली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ताच्या वाटाघाटी झाल्या, टिळकांनीही आणि पुढे रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. पेल्यात काय होते यावर एक शब्दही वाद झाला नाही. पेला कोणी दिला आणि तो घेताना शेजारी कोण होते, एवढाच गुन्हा होता. लंडनमध्ये एका पेनीत मिळणाऱ्या खुर्चीची पुण्यात अशी किंमत पडत होती.

या पार्श्वभूमीवर मुंबई-पुण्याच्या इराण्याकडे पाहायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर हॉटेले थाटली. कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती इराण्यांना मिळाली असे सांगितले जाते. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, गल्ल्यावर मालक, आणि ब्रून-मस्का व चहाच्या किमतीत मिळणारी लांबलचक बैठक. मुंबईचे कयानी १९०४ चे, पुण्याचे गुडलक १९३५ चे. इराणी स्वतः जातीच्या उतरंडीबाहेरचा होता; त्याला गिऱ्हाइकाची जात विचारण्यात रस नव्हता आणि परवडणारेही नव्हते. गिरणीतला कामगार, घोड्यांच्या शर्यतीचे आकडे लावणारा, कारकून आणि बेकार कवी एकाच टेबलावर येऊन बसत. उपाहारगृहाच्या पाटीवर ‘ब्राह्मणांचे’ असे लिहिण्याची रीत असलेल्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. मराठी साहित्यात इराण्याबद्दल हळवेपणाने पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या चहाच्या चवीची आठवण सगळे काढतात. टेबलाचे हे काम फार थोड्यांनी नोंदवले.

कोल्हापुरात हे काम जाणूनबुजून केले गेले. गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी त्यांना भर वस्तीत चहाचे हॉटेल काढायला पाठबळ दिले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार, हा प्रश्न होताच. महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही देऊ लागले. छत्रपतींनी दिलेला कप नाकारण्याची सोय नव्हती. १९१९ मध्ये संस्थानात सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास मनाई करणारे हुकूम निघाले, पण हुकमापेक्षा त्या कपाची गोष्ट लोकांच्या तोंडी जास्त राहिली. मुराद आणि चार्ल्स यांनी बैठका मोडायला राजसत्ता वापरली. बैठक जमवायला ती वापरल्याचे हे उदाहरण दुर्मीळ आहे. भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाला प्रवेश नाकारता येणार नाही, असे स्पष्ट लिहावे लागले. खाणावळीचे नाव मूलभूत हक्कांत यावे याचे परदेशी वाचकाला नवल वाटेल. पंचहौद आणि कोल्हापूर माहीत असलेल्याला वाटणार नाही.

चहाचे टेबल खुले होत असतानाच दारूचे झाकले गेले. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. सरसकट बंदी आणि प्रकृतीच्या कारणासाठी परवाना, अशी त्याची बांधणी. परिणाम दोन झाले. ज्यांना परवाना मिळाला त्यांच्यासाठी हॉटेलांत परमिट रूम आली, आणि ज्यांना मिळाला नाही ते आंटीच्या अड्ड्यावर गेले. साठच्या दशकात बंदी सैल झाली, पण कायदा राहिला आणि पाटीवरचे नावही राहिले. काळ्या काचा, मंद दिवे, उंच पाठीचे बाक अशी परमिट रूमची ठेवण पाहिली की शरम हाच तिचा वास्तुविशारद होता असे वाटते. शेजारच्या गोव्यात गावातल्या तावेर्नचे दार रस्त्यावर उघडे असते. परमिट रूममध्ये ओळखीचा माणूस दिसला तर मान फिरवायची; इराण्याकडे दिसला तर खुर्ची ओढायची. या बैठकीत बायकांना जागा नव्हती, म्हणून त्यांनी तिच्याबद्दल निर्णय बाहेरून घेतला. उभी बाटली की आडवी बाटली या मतदानात महाराष्ट्रातल्या अनेक गावांच्या बायकांनी बाटली आडवी केली. चार्ल्सच्या काळच्या त्या टवाळ अर्जाला हे खरे, सहीचे उत्तर म्हणता येईल.

भारतातल्या कॉफी हाउसचा जन्म तर जाहिरातीतून झाला. मळेवाल्यांची कॉफी देशात खपावी म्हणून कॉफी सेस कमिटीने १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले. पुढच्या दशकात देशभर त्यांचे जाळे पसरले. पेय खपवण्यासाठी काढलेल्या या जागांत लोकांनी बैठकच पसंत केली. एका कपावर तीन तास बसणारे लेखक, पत्रकार आणि विद्यार्थी पुढाऱ्यांनी कोलकात्याचे कॉलेज स्ट्रीटवरचे कॉफी हाउस भरून गेले. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर कॉफी बोर्डाने ही हॉटेले बंद करायचे ठरवले, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी ती स्वतःकडे घेतली. १९५७ च्या ऑगस्टमध्ये बंगळूरला आणि त्याच वर्षी दिल्लीला त्यांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. फेटा बांधलेला वेटर आता मालकही झाला.

दिल्लीत कनॉट प्लेसचे कॉफी हाउस सरकारवर टीका करणाऱ्यांचा अड्डा मानले जाई. आणीबाणीत, १९७६ मध्ये, ते तिथून हटवण्यात आले. चार्ल्सने आपले फर्मान मागे घेतले त्याला त्या वर्षी तीनशे वर्षे झाली होती. दिल्लीचा हुकूम मात्र मागे घेतला गेला नाही; त्या जागी आता पालिका बाजार आहे, आणि कॉफी हाउस जवळच मोहनसिंग प्लेसच्या वरच्या मजल्यावर चालते.